सांबर-भेकरांची दृष्टी आणि पिकांची राखण

रत्नागिरी जिल्ह्यात भाताच्या लोंब्या भरू लागल्या आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरी पिकू लागली, म्हणजे राखणीचे दिवस सुरू होतात. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा व राजापूर या तालुक्यांतील सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत हे काम विशेष कष्टाचे असते. तेथे शेताला लागून रान आणि रानाला लागून घाटाचा चढ अशी भूमीची रचना आहे. दिवसभर कापणीत राबलेल्या माणसाने रात्री माळ्यावर जागावे, डबे वाजवावेत, आरोळ्या द्याव्यात, आणि तरीही पहाटे नाचणीची कणसे खाल्लेली व भात तुडवलेले दिसावे, हा अनुभव तेथील शेतकऱ्यांना नवा नाही. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर घेतलेल्या कुळीथ, पावटा व वाल या पिकांच्या वाट्यालाही हेच येते.

राखणीचा एक उपाय म्हणून शेताच्या कडेने जुन्या लाल लुगड्यांच्या पट्ट्या बांधण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. लाल रंग धोक्याचा, म्हणून जनावर त्याला बुजते, अशी त्यामागील समजूत असते. आरंभी काही रात्री गुण आल्यासारखा वाटतो; पुढे जनावर त्याच पट्ट्यांच्या बाजूने आत शिरते. यात पट्टी बांधणाऱ्याच्या मेहनतीचा दोष नाही. लाल रंग माणसाच्या डोळ्यांना उठून दिसतो, म्हणून तो निवडला जातो. परंतु पट्टी दिसावयाची असते ती सांबराला. सांबराचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नाही. तो कसा आहे हे समजून घेतले, तर राखणीतील बरेचसे व्यर्थ श्रम वाचू शकतील.

जिल्ह्यातील हरणे

सांबर हे आपल्याकडील सर्वांत मोठे हरीण होय. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० किलोग्रॅमपेक्षाही अधिक भरते. त्याचा वावर मुख्यतः सह्याद्रीच्या दाट रानात असून तो बहुधा रात्री चरावयास निघतो. २०१० साली स्थापन झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणजे कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा परिसर. सांबराला हा मोठा आसरा आहे.

भेकर लहान असते. त्याची उंची साधारणपणे शेळीएवढी असते. ते एकटे किंवा जोडीने हिंडते आणि किनाऱ्याकडील राईंपर्यंतही आढळते. धोक्याची शंका येताच ते कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज काढते. कोवळा पाला, शेंगा व झाडाखाली पडलेली फळे ही त्याची आवड. पिसोरी हा ससाएवढा प्राणी दिसावयास हरणासारखा असला, तरी प्राणिशास्त्राप्रमाणे तो हरणांच्या कुळातील नव्हे.

डोळ्यातील दोन प्रकारच्या पेशी

डोळ्याच्या मागील बाजूस आतून जो पातळ पडदा असतो, त्यास दृष्टिपटल म्हणतात. प्रकाशाची जाणीव याच पडद्यावर होते. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी अंधूक प्रकाशात काम करतात, परंतु त्यांना रंग कळत नाही. शंकुपेशी भरपूर प्रकाशात काम करतात आणि रंग ओळखणे हे त्यांचे कार्य होय.

माणसाच्या डोळ्यात शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार निळसर प्रकाशास, दुसरा हिरव्या प्रकाशास आणि तिसरा त्याहून पिवळ्या-तांबड्याकडे झुकणाऱ्या प्रकाशास अधिक प्रतिसाद देतो. या तिघींच्या प्रतिसादांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. हिरव्या मिरचीच्या झाडावर पिकलेली लाल मिरची आपल्याला दुरूनही दिसते, ती या तिसऱ्या प्रकारामुळे.

हरणाच्या डोळ्यात शंकुपेशी दोनच प्रकारच्या आढळल्या आहेत. एक निळ्या प्रकाशासाठी आणि दुसरी हिरव्या प्रकाशासाठी. त्यामुळे निळा आणि पिवळा यांतील भेद त्यास कळतो. हिरवा, नारिंगी व लाल यांतील भेद मात्र रंगाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसा होतो. काही माणसांनाही जन्मतः लाल व हिरवा यांत भेद करता येत नाही. हरणाची रंगदृष्टी साधारणपणे अशा माणसाच्या दृष्टीसारखी असते. म्हणून हरणाला सर्व जग काळे-पांढरे दिसते असे जे सांगितले जाते, ते बरोबर नाही.

हे कसे मोजले गेले

या गोष्टीचे प्रत्यक्ष मोजमाप अमेरिकेत १९९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात झाले आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेराल्ड जेकब्स, जे नाइट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर आणि फॅलो नावाच्या हरणांवर हे प्रयोग केले. हरणास भूल देऊन त्याच्या डोळ्यावर निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडण्यात आला आणि प्रत्येक वेळी दृष्टिपटलात उत्पन्न होणारा सूक्ष्म विद्युत्-प्रतिसाद यंत्राने नोंदण्यात आला. जनावर बोलू शकत नसले, तरी त्याच्या डोळ्याने अशा रीतीने उत्तर दिले.

प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसास सुमारे ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. त्यातील ४५० च्या आसपासचा प्रकाश निळा, ५३० च्या आसपासचा हिरवा आणि ६५० च्या आसपासचा लाल होय. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची एक शंकुपेशी ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या दरम्यान आणि दुसरी ५३७ नॅनोमीटरजवळ सर्वाधिक प्रतिसाद देते, असे आढळले. त्यापुढे तांबड्याकडे जावे तसतसा प्रतिसाद झपाट्याने कमी होतो.

याच संशोधकांनी पुढे १९९८ मध्ये गाय, शेळी व मेंढी यांच्या डोळ्यांतही दोनच प्रकारच्या शंकुपेशी असल्याचे दाखवून दिले. म्हणजे खुर असलेल्या निरनिराळ्या प्राण्यांत ही व्यवस्था सारखीच आहे. सांबर व भेकर हे हरणांच्याच कुळातील असल्याने त्यांची दृष्टीही याच प्रकारची मानण्यास आधार आहे. गवा हा तर गायीबैलांचाच भाईबंद. लाल कापड पाहून बैल चवताळतो ही समजूतही यामुळे खोटी ठरते. त्यास चिथावते ते कापडाचे हलणे, त्याचा लाल रंग नव्हे.

वाघाचे तांबडे अंग

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. लाल व नारिंगी रंग ओळखता न आल्याने हरणाचे नुकसान होत नाही काय? नुकसान होते, आणि त्याचा लाभ वाघास मिळतो. हिरव्या रानात वाघाचे तांबूस-नारिंगी अंग माणसाला भडक दिसते. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दोन प्रकारच्या शंकुपेशी असलेल्या डोळ्यास वाघ कसा दिसेल, याचा संगणकाच्या साह्याने अभ्यास केला. तेव्हा त्याचा रंग भोवतालच्या पाल्यात मिसळून जातो असे आढळले. सांबराच्या दृष्टीने वाघ जवळजवळ पाल्याच्याच रंगाचा असतो. त्यास वाघाचा सुगावा लागतो तो हालचाल, वास व आवाज यांवरून.

जे वाघाला लागू, तेच शेताच्या बांधावरील पट्टीला लागू. हिरव्या भाताच्या कडेला टांगलेले लाल लुगडे सांबरास मळकट, काळपट चिंधी म्हणून दिसते. रात्री तर त्याचा रंग मुळीच कळत नाही. आरंभी काही रात्री जनावर थबकते ते त्या वस्तूच्या नवेपणामुळे आणि तिला येणाऱ्या माणसाच्या वासामुळे. वास उडाला व नवेपणा सरला की भीतीही संपते.

अंधारातील दृष्टी

रंगांच्या बाबतीत जे उणे आहे, त्याची भरपाई हरणास अंधारात मिळते. त्याच्या दृष्टिपटलात दंडपेशींची संख्या फार मोठी असते आणि बाहुली पुष्कळ रुंद उघडते. शिवाय दृष्टिपटलाच्या मागे एक चकाकणारा परावर्तक थर असतो. डोळ्यात शिरलेला जो प्रकाश पेशींनी टिपला नाही, तो या थरावर आपटून परत फिरतो आणि पेशींना तो टिपण्याची दुसऱ्यांदा संधी मिळते. माणसाच्या डोळ्यात असा थर नाही. म्हणूनच ज्या चांदण्यात माणसाला बांध दिसत नाही, त्या चांदण्यात सांबर निर्धास्तपणे उतरण उतरून येते.

विजेरीच्या प्रकाशात जनावराचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. गोठ्यातील गायीचे डोळे असेच चमकतात, तसेच बिबट्याचेही. यास्तव रात्री रानाच्या कडेला चमकणारे डोळे दिसले, तर ते हरणाचेच असतील असे गृहीत धरून जवळ जाऊ नये.

अशा डोळ्यावर एकदम प्रखर प्रकाश पडला, तर तो दिपून जातो. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट यांसारख्या रस्त्यांवर मोटारीच्या दिव्यांसमोर हरीण खिळल्यासारखे उभे राहते, त्याचे एक कारण हे होय. रात्री रानातील रस्त्याने जाताना असे जनावर दिसल्यास वाहनाचा वेग कमी करावा, दिवा मंद करावा आणि जनावरास बाजूस होण्यास अवधी द्यावा.

आडवी बाहुली व रुंद नजर

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे मान न वळवता त्यास पुढचे, बाजूचे आणि बरेचसे मागचेही दिसते. त्याची बाहुली आडवी, लांबट असते. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात मार्टिन बँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१४ जातींच्या भूचर प्राण्यांच्या बाहुल्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. आडव्या बाहुलीमुळे जमिनीलगतचा रुंद पट्टा स्पष्ट दिसतो आणि डोक्यावरील सूर्याचा त्रासदायक प्रकाश कमी शिरतो, असे त्यांनी दाखवले. चरण्यासाठी जनावराने मान खाली घातली, तरी डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीशी समांतरच राहते, हेही त्यांनी शेळ्यामेंढ्यांत पाहिले. याची खात्री कोणासही घरच्या शेळीकडे पाहून करून घेता येईल.

या रचनेची दुसरी बाजूही आहे. दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा भाग थोडा असल्याने अंतराचा अचूक अंदाज घेणे हरणास माणसापेक्षा कठीण जाते. स्थिर वस्तूचे बारकावेही त्यास माणसाइतके स्पष्ट दिसत नाहीत. निश्चल बसलेला माणूस त्याच्या नजरेतून सुटू शकतो. तोच माणूस हात हलवताच ओळखला जातो. एकाच जागी, एकाच रूपात उभे असलेले बुजगावणे म्हणूनच लवकर निरुपयोगी होते.

निळा व पांढरा रंग

हरणाची निळ्या प्रकाशाची शंकुपेशी पहाटे व सांजवेळी विशेष उपयोगी पडते, कारण सूर्य क्षितिजाखाली असताना आकाशातून येणाऱ्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण अधिक असते. हरणांची चरण्याची लगबगही याच दोन वेळी अधिक दिसते.

याखेरीज निळ्याजांभळ्याच्याही पलीकडचा जो अतिनील प्रकाश, तो माणसाच्या डोळ्यातील भिंग अडवून धरते. परंतु सर्वच प्राण्यांत असे होत नाही. रोनाल्ड डग्लस व ग्लेन जेफ्री यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक सस्तन प्राण्यांची भिंगे हा प्रकाश कमीअधिक प्रमाणात आत सोडतात असे आढळले. त्यात उत्तर ध्रुवाकडील रेनडियर हे हरीणही आहे.

कपड्यांना शुभ्रता आणणाऱ्या आजच्या पुष्कळ धुण्याच्या पावडरींत असे द्रव्य असते, की ते अतिनील प्रकाश शोषून घेते आणि निळसर प्रकाश बाहेर टाकते. हा निळसर प्रकाश हरणाच्या निळ्या शंकुपेशीस चांगला जाणवणाऱ्या पट्ट्यातील आहे. सबब अशा पावडरीने धुतलेले पांढरे कापड सांजवेळी सांबरास लाल लुगड्यापेक्षा पुष्कळच ठळक दिसण्याजोगे असते.

राखणीसाठी काय करावे

वरील माहितीवरून शेतकरी बंधूंना पुढील गोष्टी ध्यानात ठेवता येतील.

पट्ट्या बांधावयाच्या असल्यास लाल कापडाऐवजी पांढऱ्या व निळ्या कापडाच्या बांधाव्यात. दोन्ही रंग आलटून पालटून लावल्यास उजेड-सावलीचा भेद वाढतो. पट्टी वाऱ्यावर मोकळी हलेल अशा रीतीने लोंबती ठेवावी. ताणून बांधलेल्या पट्टीचा उपयोग कमी.

बुजगावणे दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलून उभे करावे व त्याचे कपडेही बदलावेत. हाताळलेल्या ताज्या कपड्यांना माणसाचा वास असतो, हा अधिक लाभ.

रात्रभर एकाच ठिकाणी जळणाऱ्या दिव्यास जनावर सरावते. त्याऐवजी माळ्यावरून अनियमित वेळाने पांढऱ्या प्रकाशाची विजेरी फिरवावी. लाल काचेचा दिवा हरणास फार मंद भासतो; जनावर पळवण्यासाठी तो निरुपयोगी होय.

राखणदारांची संख्या थोडी असल्यास सर्व रात्र जागण्यापेक्षा तिन्हीसांजा व पहाटेचा प्रहर या वेळा आधी सांभाळाव्यात आणि मधल्या वेळेची पाळी आपसात वाटून घ्यावी. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून राखण केल्यास प्रत्येकास झोप मिळते.

कुंपण आरपार दिसणारे असण्यापेक्षा दाट असावे. पलीकडची जमीन दिसत नसेल, तर उडी घेण्यास हरीण कचरते. जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यावर करवंद, चिलार किंवा सागरगोटा यांची काटेरी वई ही कोकणातील जुनी रीत या दृष्टीने योग्यच आहे. वईतील खिंडारे पावसाळ्यापूर्वी बुजवून घ्यावीत.

यांपैकी कोणताही उपाय एकट्याने व कायमचा पुरा पडेल असे मानू नये. हरणास डोळ्यांइतकाच कानांचा व नाकाचा आधार असतो, आणि निरुपद्रवी गोष्ट ओळखण्यास ते लवकर शिकते. म्हणून उपाय बदलत राहणे हाच राखणीचा मुख्य नियम होय.

इतर प्राण्यांचा डोळा निराळा

वरील विवेचन वानरांना व लाल तोंडाच्या माकडांना लागू नाही. त्यांच्या डोळ्यांत माणसाप्रमाणेच तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, म्हणूनच पिकलेले फळ ते अचूक हेरतात. त्यांच्या डोळ्यांत परावर्तक थर नसतो आणि ती दिवसा येतात. रानडुकरास दोन प्रकारच्या शंकुपेशी असल्या, तरी त्याची मुख्य भिस्त नाकावर असते. त्याच्यासाठी रंगीत कापडांवर खर्च करू नये. पाखरांची रंगदृष्टी तर माणसापेक्षाही श्रीमंत असून त्यांना शंकुपेशींचे चार प्रकार असतात. कोणत्या प्राण्यापासून नुकसान होत आहे, हे पावलांचे ठसे, लेंड्या व खाण्याची रीत पाहून आधी ठरवावे आणि मगच उपाय योजावा.

काय करू नये

पीक गेल्याचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु त्या भरात फास लावणे, बंदुकीने मारणे, स्फोटक गोळे पेरणे किंवा कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह सोडणे ही कृत्ये कदापि करू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सांबर व भेकर हे संरक्षित प्राणी असून त्यांची शिकार हा गुन्हा आहे. फास लावणे हाही शिकारीचाच प्रकार होय. विजेच्या प्रवाहाची तार तर सांबर, बैल आणि माणूस यांत भेद करीत नाही. पहाटे बांधावरून पाणी पाहावयास गेलेला शेजारी किंवा घरचाच मुलगा तीस बळी पडू शकतो. सौर कुंपण यंत्रातून जाणारा प्रवाह क्षणभराच्या ठोक्यांनी जातो. त्यामुळे जनावरास हिसका बसतो, पण त्याचा जीव जात नाही. असे कुंपण जाणकाराकडून व मान्य यंत्रसामग्री वापरूनच बसवावे.

वन्य प्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास शासनाकडून भरपाई देण्याची तरतूद आहे. नुकसान दिसताच वेळ न दवडता वनरक्षकास अथवा नजीकच्या वन कार्यालयास लेखी कळवावे, आणि पंचनामा होईपर्यंत शेतातील ठसे व मोडलेले पीक तसेच राहू द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हा विषय केवळ व्याख्यानाने पटणार नाही. सभेच्या वेळी एखादी शेळी आणून तिची आडवी बाहुली सर्वांना दाखवावी. तिची मान खाली करून बाहुली आडवीच कशी राहते तेही दाखवावे. अंधार पडल्यावर गोठ्यात विजेरी धरून गायीच्या डोळ्यांची चमक दाखवावी. त्यानंतर गावातील दोन शेजारच्या शेतांपैकी एकास लाल आणि एकास पांढऱ्या-निळ्या हलत्या पट्ट्या लावून पीक निघेपर्यंत दररोज सकाळी ठशांची नोंद एका वहीत ठेवावी. एका हंगामाच्या नोंदीवरून त्या गावापुरते उत्तर मिळेल आणि ते शेतकऱ्यांना दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा अधिक पटेल. ही वही पुढील हंगामापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावी, म्हणजे ज्या उपायास गुण आला नाही त्यावर पुन्हा कोणाची जागरणे खर्च होणार नाहीत.